वेगाची शिल्लक

खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावरचा स्क्रीन त्याने बंद केला, कीबोर्ड उचलून भिंतीशी उभा ठेवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून पेन चालतंय याची खात्री करून घेतली. प्रत्येक टेबलावर त्याने हेच केलं होतं. एक पेन चाललं नाही, ते त्याने खिशात घातलं आणि स्वतःचं तिथे ठेवलं.

वहिनींनी हेडफोन एका कानावरून बाजूला केला. ढगवाले स्वतः वर आले म्हणजे आज काहीतरी मोठं मोडणार, असं त्या शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या. शेजारचं टेबल हसलं. तोही हसला. हसायची वेळ कुठली हे त्याला अजून बरोबर कळत असे.

शहराची रुग्णवाहिका सेवा या एका खोलीतून चालायची. फोन इथे येत, गाड्या इथून सुटत, आणि कुणी कधी फोन केला, कुठली गाडी कधी निघाली, कधी पोहोचली हे सगळं एका डेटाबेसमध्ये जाऊन बसे. तो डेटाबेस या इमारतीत नव्हता. क्लाउडवर होता, म्हणजे कुठल्याशा दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर. त्याची देखभाल करणाऱ्या माणसाला मात्र तळघरात जागा मिळाली होती. ढग तळघरात ठेवणारे आपणच पहिले, असं वहिनींचं म्हणणं, आणि त्यातूनच त्याचं नाव ढगवाले पडलं. वहिनी सगळ्यांच्याच वहिनी होत्या, अगदी साहेबांच्यासुद्धा. त्यांचा नवरा इथे गाडी चालवायचा. तो केव्हाच निवृत्त झाला, नातं खोलीने ठेवून घेतलं.

डेटाबेसची डिस्क बदलायची होती, तोवर स्क्रीन बंद राहणार होते, आणि त्यासाठी रविवारची सकाळ साहेबांनी निवडली होती. अशी कामं रात्री करतात हे त्यांना माहीत होतं, पण कागदावर काम करायचं तर माणसं जास्त लागतात आणि रात्रपाळीला जेमतेम दोघं असतात. म्हणून आज सुट्टीची माणसंही बोलावली होती आणि खोलीत लग्नघरासारखी वर्दळ होती. त्याने सगळ्यांना पद्धत समजावून सांगितली. फोन आला की आधी चिठ्ठी लिहायची, तिच्यावर वेळ टाकायची, मगच वायरलेसवरून गाडीला सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग तो कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसला. डेटाबेसच्या नावाखाली त्याच्या डिस्कचा प्रकार लिहिलेला होता. त्याने तो बदलून नवा प्रकार निवडला. बदल आत्ता लगेच करायचा की कंपनीच्या ठरलेल्या वेळी, असं पानाने विचारलं. त्याने 'लगेच' निवडलं. एकदा सुरू झाल्यावर हे थांबवता येणार नाही आणि काही तास पुन्हा बदल करता येणार नाही, अशी सूचना आली. त्याने ती वाचली आणि बटण दाबलं.

काही वाटलं नाही. या दिवसासाठी तो वर्षभर सगळ्यांच्या मागे लागला होता. साहेबांच्या, हिशेबवाल्यांच्या, वरच्या कार्यालयातल्या त्या बाईंच्या, ज्या दर वेळी विचारायच्या की चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? त्याने त्यांना दर वेळी तेच समजावलं होतं. जुन्या प्रकारच्या डिस्कला वेगाची शिल्लक असते. शांत वेळी ती साठते, गर्दीच्या वेळी खर्च होते. शिल्लक असेतो डिस्क धावते, संपली की रांगायला लागते, आणि मग स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. नव्या प्रकारात शिल्लक वगैरे काही नाही. जेवढा वेग मागाल तेवढा कायम मिळतो. प्रश्न एवढाच, की किती मागायचा.

किती, हे शोधायला तो गेला आणि तिथे घात झाला.

एका आडवारी, दुपारी, फोन अगदी कमी असताना, त्याने डिस्कवर मुद्दाम भार टाकून मोजणी केली होती. डेटाबेसच्या नकलेवर केली तर आकडे खरे येत नाहीत, म्हणून चालू डेटाबेसवरच केली. त्याच्या धंद्यातली माणसं अशी चूक करतात आणि तिला काटेकोरपणा म्हणतात. मोजणीने डिस्ककडची सगळी शिल्लक खाऊन टाकली. वरच्या खोलीतले स्क्रीन अडकले. त्याला तळघरात आकडे दिसत होते आणि आकडे छान येत होते, म्हणून त्याने मोजणी पुरी होऊ दिली. ती पुरी झाली तेव्हा त्याच्या मोबाइलवर वडिलांचे बरेच फोन येऊन गेलेले होते.

आई त्या दुपारी गेली. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी.

पुन्हा कामावर आला त्या दिवशी त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःच्या घरच्या पत्त्याची नोंद उघडली. फोन आल्याची वेळ होती, ती फोनयंत्रणा स्वतः टाकत असे. 'गाडी रवाना' या रकान्यात दुसरी वेळ होती. दोहोंमध्ये जवळजवळ पाव तासाचं अंतर होतं, आणि तो पाव तास त्याच्या मोजणीच्या पोटात बरोबर बसत होता. त्याने नोंद मिटली आणि जेवणाच्या सुट्टीत जेवला. तेव्हापासून तो वेळच्या वेळी जेवत होता, झोपत होता, दाढी करत होता. घरात आता तो आणि वडील दोघेच. दोघांत टीव्हीचा आवाज, भाजी काय आणायची, नळाचा वॉशर, इतकंच बोलणं होई. त्या दुपारबद्दल वडील बोलले नाहीत आणि त्याने विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? त्याला सगळं माहीत होतं.

काम पुरं झालं की साहेबांना सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. आधी सांगितलं असतं तर बदल पुन्हा लांबला असता, आणि डिस्क आणखी कुणाच्या तरी घराच्या वाटेत आडवी आली असती. आज बदल होईल, मग तो साहेबांच्या खोलीत जाईल, जे आहे ते सांगेल आणि ते म्हणतील ते करील. साहेबांना त्याने सकाळी एवढंच म्हटलं होतं की नंतर थोडं बोलायचं आहे. पगारवाढ सोडून बोल, असं साहेब म्हणाले होते.

लॅपटॉपवर 'बदल चालू आहे' असं येत होतं. पुढचा आकडा बराच वेळ हलला नाही, मग हलला. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्याने खुर्ची वळवून खोलीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत त्याने ही खोली चालू असताना कधी पाहिलीच नव्हती. त्याचं येणं व्हायचं ते काही बंद पडलं की, आणि तेव्हा सगळे काम थांबवून त्याच्याकडेच बघत असत.

वहिनींचा फोन वाजला. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं, पत्ता स्वतःशी पुटपुटला आणि डाव्या हाताने वायरलेसचं बटण दाबलं. सात नंबर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पिवळं फाटक, बाईमाणूस आहे, श्वास लागलाय. मग फोनवरच्या माणसाला म्हणाल्या की गाडी निघाली, आता मी सांगते तसं करा, त्यांना बसतं करा. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि मग चिठ्ठी पुढे ओढली.

तो उठून त्यांच्या टेबलापाशी गेला.

"वहिनी, आधी चिठ्ठी ठरलं होतं."

"लिहितेय की."

"पण गाडी आधी सोडलीत. वेळ चुकते मग."

"चिठ्ठीची चुकते," वहिनी म्हणाल्या. "गाडीची नाही चुकत."

शेजारचं टेबल पुन्हा हसलं. तोही हसणार होता. त्याने म्हटलं की आज एक दिवस ठीक आहे, स्क्रीन चालू झाल्यावर तरी असं करू नका. वहिनींनी लिहिता लिहिता वर पाहिलं. त्यांच्या नजरेत थट्टा नव्हती. थोडा कंटाळा होता. तीच गोष्ट परत परत सांगावी लागणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा.

"स्क्रीन चालू असला तरी असंच करतो आम्ही. सगळेच. आधी गाडी, मग नोंद. त्या चक्राकडे बघत बसलो तर माणूस राहील का?"

 त्याचं लक्ष भिंतीवरच्या शहराच्या मोठ्या नकाशावर होतं. नकाशावर गाड्यांची लोहचुंबकाची बटणं होती आणि कुणीतरी येऊन सात नंबरचं बटण पाण्याच्या टाकीकडे सरकवलं.

"नेहमी?" त्याने विचारलं.

"नेहमी म्हणजे काय, माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून. तेव्हा तर तुमचा ढगही नव्हता." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि आवाज खाली आणला. "तुमच्या घरचा फोन मीच घेतला होता. पत्ता तुमचा आहे हे नंतर कळलं मला. त्या दुपारी स्क्रीन मेलेलाच होता. नोंदी मी सगळ्या मागून भरल्या, एकदम."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला काय सांगायचं? तुमच्याकडे तर सगळं दिसतं."

त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी हेडफोन कानाला लावला. तो परत कोपऱ्यात आला. आकडा आता भराभर पुढे जात होता. 'गाडी रवाना' हा रकाना त्याने स्वतः बनवला होता. पूर्वी तिथे बायका हाताने वेळ लिहायच्या आणि वेळा गोल गोल यायच्या, पाचाच्या पटीत. म्हणून त्याने तो रकाना त्यांच्याकडून काढून घेतला आणि नोंद साठवली जाईल त्या क्षणाची वेळ तिथे आणि 'गाडी पोहोचली'च्या रकान्यातही आपोआप पडेल असं केलं. तेव्हा त्याला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. माणूस वेळ चुकवतो, यंत्र चुकवत नाही, असं तो साहेबांना म्हणाला होता आणि साहेबांनी ते वाक्य वरच्या कार्यालयात स्वतःचं म्हणून सांगितलं होतं. गाडी केव्हा निघाली हे त्या रकान्याला कधी ठाऊकच नव्हतं. वहिनींना टंकायला सवड केव्हा मिळाली, तेवढंच तो सांगत होता.

दुपार व्हायच्या आत बदल पुरा झाला. डेटाबेसच्या नावाखाली नव्या डिस्कचा प्रकार दिसू लागला आणि शेजारी हिरवा ठिपका. त्याने ठरल्याप्रमाणे तपासण्या केल्या. जी यादी यायला एरवी चहा थंड व्हायचा ती डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. त्याने खोलीला स्क्रीन चालू करायला सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हणालं की ढगवाल्यांनी ढग तळघरातून वर काढला. भिंतीशी ठेवलेले कीबोर्ड आपापल्या जागी गेले.

मग त्याने घरच्या पत्त्याची नोंद उघडली. ती लगेच उघडली. फोन आल्याची वेळ, रवाना झाल्याची वेळ, मधला पाव तास. इथवर त्याला पाठ होतं. त्याच्या खाली तिसरी ओळ होती, गाडी पोहोचल्याची, आणि ती त्याने त्या दिवशी पाहूनही वाचली नव्हती. रवाना आणि पोहोचली यांत मिनिटाचंही अंतर नव्हतं. त्याच्या घरापासून सगळ्यात जवळचा गाडीचा थांबा नदीपलीकडे होता. मिनिटभरात तिथून पाखरूसुद्धा आलं नसतं. दोन्ही नोंदी एकाच माणसाने, एका बैठकीत, मागाहून भरलेल्या होत्या. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, त्याच्या हाताखालचा अगदी नवशिका असता, तरी त्याने त्याला नोंद डोळे उघडे ठेवून बघ म्हणून झापलं असतं. इतके दिवस त्याने वरच्या दोनच ओळी बघितल्या होत्या. त्याला हव्या होत्या त्या दोन.

साहेब दारात आले. काम झकास झालं म्हणाले, वरच्या कार्यालयाला कळवतो म्हणाले. मग आठवून त्यांनी विचारलं की त्याला काय बोलायचं होतं.

"काही नाही, साहेब."

"नक्की?"

"मोजणी चालू डेटाबेसवर केली होती मागे. तशी करायला नको होती."

 बरं, पुढच्या वेळी नको करूस, असं साहेब म्हणाले आणि चिठ्ठ्या आजच्या आज भरून टाकायची आठवण करून देऊन गेले. इतके दिवस छातीवर वागवलेली गोष्ट दारातल्या दारात निकालात निघाली.

चिठ्ठ्या भरायला तो स्वतः बसला. वहिनी नको म्हणाल्या, त्याने ऐकलं नाही. पहिलीच चिठ्ठी पिवळ्या फाटकाची होती. त्या बाईंना रुग्णालयात नेऊन पोहोचवलं होतं आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात वहिनींनी 'बोलत होत्या' असं लिहिलं होतं. त्याने पत्ता भरला. पुढची चिठ्ठी घेतली, ती हातात धरून बसला, मग खाली ठेवली आणि जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

वडिलांनी फोन बराच वेळ वाजू दिला. उचलला तेव्हा मागे टीव्ही चालू होता. त्याने काम झाल्याचं सांगितलं. वडील बरं म्हणाले. एरवी इथेच दोघे फोन ठेवत.

"बाबा, त्या दिवशी गाडी लवकर आली होती?"

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"आली की. मी चपला शोधत होतो, तोवर खाली येऊन उभी. चांगली मुलं होती. जिना धावत चढली."

"मला वाटलं उशीर झाला."

"गाडीला नाही झाला."   "ती कुठे थांबली गाडीसाठी. मी फोन ठेवून वळलो तर झालेलं होतं. मुलांनी तरी खूप केलं, अर्धा तास करत होती. मी त्यांना म्हटलं, राहू द्या आता."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. वरून कुणीतरी उतरत होतं, त्याने त्यांना जायला पाय आवरून घेतले. इतके दिवस त्याच्याकडे एक दुपार होती, एक चूक होती, पाव तास होता. रात्री अंथरुणावर पडलं की त्या पाव तासात शिरता येत असे, मोजणी मधेच थांबवता येत असे, आणि दर वेळी आई ओट्याला धरून उभी सापडत असे, वाचवता येईल अशी. आता ते दार बंद झालं होतं. आई कुणाच्या चुकीने गेली नव्हती. ती नुसतीच गेली होती, आणि आता घरी गेल्यावरही ती नसणार होती. त्याला ते सहन होईना.

"ऐकतोयस ना?" वडिलांनी विचारलं.

त्याने हो म्हणायचा प्रयत्न केला. जो आवाज निघाला तो त्याच्या ओळखीचा नव्हता. वडिलांना मात्र तो कळला असावा. त्यांनी काही विचारलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही आणि फोनही ठेवला नाही.